उजव्या पायाखालचा टक्

चढ सुरू झाला की पहिले दोन-तीनशे मीटर काही नसायचं. मग श्वास जड व्हायचा, मांड्या भरून यायच्या, हँडलवरची पकड आपोआप घट्ट व्हायची आणि उजवा पाय खाली जाताना कुठून तरी यायचं: टक्. डावा पाय खाली जाताना काही नाही. पुन्हा उजवा, पुन्हा टक्. सपाट रस्त्यावर सायकल गप्प. उतारावर गप्प. घरी आणून स्टँडवर लावली, हाताने क्रँक (पॅडल जिला जोडलेलं असतं ती दांडी) फिरवली, तर इतकी गप्प की आपल्यालाच भास होत असावा असं वाटे.

हे असं दोन महिन्यांहून जास्त चाललं.

ज्यांनी रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची रस्त्यावरची सायकल, फारशी चालवलेली नाही त्यांना वाटेल, एवढ्याशा आवाजाचं काय मनावर घ्यायचं? पण रोड बाईकची सगळी गोडी तिच्या शांततेत आहे. नीट लावलेली सायकल सपाट रस्त्यावर धावत असते तेव्हा टायरची एक बारीक घूं असते, चेनची सळसळ असते, कानावरून वारा जात असतो, आणि बस्स. त्या शांततेत आपला श्वास ऐकू येतो. मला सायकल आवडते ती यासाठीच. ती शांतता दर दीड सेकंदाला कोणी चिमटा काढून मोडत असेल तर चढ चढण्यातली मजाच निघून जाते. सगळं लक्ष पुढच्या टक् कडे. तो आला की चिडचिड, नाही आला की हुरहुर.

शिवाय भीतीही होती. माझी फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. पोलादाला एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी खात्रीची मर्यादा नाही, लहान लहान ताणसुद्धा त्यात हिशेबाला धरले जातात. म्हणून नवीन आवाज आला की सगळ्यात आधी चिरा बघायच्या. स्टेम (हँडल धरणारा तुकडा), हँडल, सीटपोस्ट (सीटखालची नळी), फ्रेमचे सगळे जोड. मी टॉर्च घेऊन, ओल्या फडक्याने एकेक जोड पुसत, बोटाच्या नखाने रंगावरून ओढत तपासलं. चीर नव्हती. तेवढं कळल्यावर रात्री झोप लागली. आवाजाचा त्रास राहिला, पण उतारावर जीव मुठीत धरायची गरज उरली नाही.

आवाज शोधायचा तर आधी त्याला नाव द्यावं लागतं, आणि इथे मराठी फार उपयोगी पडते. आपल्याकडे आवाजासाठी केवढे शब्द आहेत, आणि सायकलीवर त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द एकेका बिघाडाकडे बोट दाखवतो. चिवचिव म्हणजे कोरडी चेन किंवा गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या छोट्या चाकांना तेल हवं. खसखस म्हणजे ब्रेकचा पॅड रिमला किंवा डिस्कला घासतोय. घरघर म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी किंवा माती गेली. खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे, बाटलीचा पिंजरा, हँडल ज्यावर फिरतं तो हेडसेट, कधी उंच रिममध्ये हलणारा ट्यूबचा वॉल्व. किणकिण बहुधा स्पोकची. आणि कुरकुर, करकर, टक् ही एका कुळातली भावंडं. घट्ट बसलेले दोन भाग, ज्यांनी हलायला नको, ते जोर आल्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकतात, तेव्हा हे आवाज येतात.

हे सरकणं सलग होत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात, जोर वाढत जातो, पकड एकदम सुटते, भाग झटकन सरकून पुन्हा धरून बसतात. धरणं, सुटणं, धरणं, सुटणं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं, फक्त तिथे ते सेकंदाला शेकडो वेळा होतं म्हणून सूर लागतो. माझ्या सायकलीत ते पायाच्या एका फेरीत एकदाच होत होतं, म्हणून टक्. आणि फ्रेमच्या पातळ भिंतींच्या पोकळ नळ्या म्हणजे आयती वाद्याची पेटीच. कुठल्यातरी कोपऱ्यातला मिलिमीटरहूनही कमी सरकाव त्या पेटीत पडतो आणि घुमून बाहेर येतो.

मी नावावर थांबले नाही, वेळही मोजली. ही पद्धत बहुतेक सायकलवाल्यांना माहीत असते. आवाज पायाच्या एका फेरीला एकदा येत असेल तर क्रँक, पॅडल, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग) किंवा पायाच्या जोरामुळे दबणारं काही. चाकाच्या फेरीला एकदा येत असेल तर टायर, रिम, स्पोक, हब (चाकाचा मधला भाग). चेनच्या पुढच्या चकतीला ३४ दात आणि मागच्या चकतीला १७ असतील तर पाय एकदा फिरला की चाक दोनदा फिरतं, म्हणजे पायाच्या एका फेरीत दोन आवाज आले तर चाकाकडे बघायचं. आणि दोन्हींशी न जुळता तीन-सव्वातीन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनमधली एखादी आखडलेली कडी, कारण १०८ कड्यांची चेन ३४ दातांवरून पूर्ण एकदा जायला तेवढ्या फेऱ्या लागतात. चालता चालता पाय थांबवायचे आणि तरी आवाज राहिला तर पायाचा, चेनचा संबंध संपला.

माझा आवाज पायाच्या फेरीला एक, पाय थांबवले की बंद, आणि कान म्हणत होता की तो दोन्ही पायांच्या मधून येतोय. म्हणजे बॉटम ब्रॅकेट, सगळे जिला बीबी म्हणतात ती. सायकलीवरचा कुठलाही करकरणारा आवाज आधी बीबीच्याच नावावर खपतो, आणि त्याला कारणंही आहेत. फ्रेममध्ये नुसत्या दाबून बसवलेल्या बीबी खरंच करकरतात. पण माझी जुन्या धाटणीची, आट्यांची होती. तरी मी सुतावरून स्वर्ग गाठला. पाना मिळवला, बीबीच्या उजवीकडच्या कपाला उलटे आटे असतात हे लक्षात ठेवून तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवला, नवीन बीबी ग्रीस लावून बसवली, टॉर्क पान्याने नीट आवळली. सायकल स्टँडवर होतीच, म्हणून जाता जाता मागचं चाक काढून कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) घासून धुतली.

दुसऱ्या दिवशी चढावर गेले. टक् नाही. उभी राहून जोर लावला. टक् नाही. त्या दिवशी मी चढाच्या माथ्यावर थांबून सायकलीच्या दांड्यावरून हात फिरवला होता, ते अजून आठवतं.

तिसऱ्या राईडला तो परत आला. तोच, तिथेच, उजव्या पायाखाली.

माझ्यासोबत नेहमी एक मैत्रीण असते. जवळजवळ माझ्याइतकीच वर्षं सायकल चालवते, माझ्याइतकी हत्यारांच्या नादी लागत नाही. त्या दिवशी ती माझ्या शेजारून चढत होती. म्हणाली, ‘अगं, हा आवाज मागून येतोय.’

‘मागून नाही, खालून,’ मी म्हटलं. ‘माझ्या पायाखाली आहे, मला कळतंय ना.’

‘मला तरी मागूनच वाटतोय.’

मी ते सोडून दिलं. सायकल माझी, पाय माझे, आवाज माझ्या खाली. बाजूने चालणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कसं कळेल? हा माझा ठाम समज होता आणि तो चुकीचा होता. का चुकीचा, हे नंतर वाचताना कळलं, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट तीच.

आवाज कुठून येतोय हे आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि थोडा मोठा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. लॉर्ड रॅली या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हे मांडलं. पण आवाज बरोबर समोर, बरोबर मागे, बरोबर वर किंवा बरोबर खाली असेल तर दोन्ही कानांना तो एकाच वेळी, सारखाच पोचतो. मग पुढचा की मागचा, हे सांगायला कानाकडे फारसं काही उरत नाही. आता सायकल बघा. हेडसेट, स्टेम, सीटपोस्ट, बीबी, मागचा हब, सगळं एका सरळ रेषेच्या आसपास, आणि आपण नेमके त्या रेषेवर बसलेलो. सायकलीचा प्रत्येक भाग आपल्या कानांच्या आंधळ्या पट्टीत आहे. त्यात धातूमधून आवाज सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो, हवेतल्या ३४० मीटरच्या कितीतरी पट. म्हणजे टक् कुठेही होवो, अख्खी फ्रेम जवळजवळ त्याच क्षणी बोलते. आपण मधोमध बसलेलो असतो, पायाच्या जोराशी त्याची वेळ जुळते, म्हणून मन म्हणतं, पायाखाली.

माझ्या शेजारून चालणारी मैत्रीण त्या रेषेच्या बाहेर होती. मान वळवून माझ्याकडे बघितलं की तिच्यासाठी माझं हँडल आणि माझं मागचं चाक हे डावी-उजवी होते. तिच्या कानांना ते सांगता येत होतं जे माझ्या कानांना येत नव्हतं.

पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मी वहीकडे वळले. साधी वही. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग त्याच चढावर जाऊन ऐकायचं, मग लिहायचं. पाच गोष्टी एकदम आवळल्या आणि आवाज गेला तर बरं वाटतं, पण कळत काहीच नाही, आणि तो परत आला की आपण पुन्हा शून्यावर.

एकेक संशयित सुटत गेला. सीटवरून उठून चालवलं, आवाज तसाच, म्हणजे सीट आणि सीटपोस्ट सुटले. हँडलवर नुसती बोटं टेकवून चढले, तसाच, म्हणजे स्टेम-हँडल सुटले. पुढचा ब्रेक दाबून, हेडसेटच्या फटीवर बोट ठेवून सायकल मागेपुढे ढकलली, काही हललं नाही. पॅडल काढून आटे पुसले, ग्रीस लावलं, पुन्हा बसवले. काही नाही. डाव्या पॅडलचे आटेही उलटे असतात, हे विसरून मी आधी दहा मिनिटं ते जास्तच घट्ट करत बसले. साधे बूट घालून गेले, म्हणजे क्लीट (बुटाखालची, पॅडलला अडकणारी पट्टी) सुटले. चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चकतीचे, बोल्ट एकेक काढून, पुसून, ग्रीस लावून आवळले. टक् तसाच.

मग एक दिवस पंक्चर झालं. मागचं चाक. रस्त्याकडेला ट्यूब बदलली, चाक बसवलं, पुढे निघालो. चढ आला. टक् नाही.

वहीत मी लिहिलं: ‘पंक्चर. ट्यूब बदलली. आवाज नाही.’ आणि कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं समजून पान उलटलं. पुढच्या आठवड्यात तो परत आला, तेव्हा पहिल्यांदा मी वही मागून पुढे वाचली. शांतता दोनदाच मिळाली होती. एकदा बीबी बदलल्यावर, एकदा पंक्चरनंतर. बीबी आणि पंक्चर यांचा काय संबंध? त्या ओळी बघत किती वेळ बसले होते, आठवत नाही. मग कॅसेट धुतलेली आठवली. दोन्ही वेळा मागचं चाक निघालं होतं आणि पुन्हा बसलं होतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते मागे मुरत होतं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. बिचारी बीबी.

तरी लगेच मागे धावायचं नाही असं ठरवलं. आधी पायाच्या जोरापासून चेनचा जोर वेगळा काढायचा होता, आणि ते करता येतं. क्रँक १७० मिलिमीटर लांब, पुढच्या ३४ दाती चेनरिंगची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर. म्हणजे पायाने दिलेला जोर चेनमध्ये जवळजवळ अडीच पट होऊन उतरतो. ६० किलोच्या माणसाने उभं राहून सगळं वजन एका पॅडलवर टाकलं तर चेन मागच्या चाकाला सुमारे १५० किलोच्या ओढीने खेचते. ५० दाती चेनरिंगवर त्रिज्या सुमारे १०१ मिलिमीटर होते आणि तोच पाय फक्त शंभर किलोच्या आसपास ओढ देतो. माझ्या कॅसेटवर १७ आणि २५ दातांच्या दोन्ही चकत्या आहेत. ३४ भागिले १७ म्हणजे २, आणि ५० भागिले २५ म्हणजेही २. दोन्ही गिअर पायाला अगदी सारखे. तोच चढ, तोच वेग, तोच पायाचा जोर, पण चेनची ओढ एक तृतीयांशाने कमी.

त्या प्रयोगाला मी सकाळी एकटीच गेले. ३४-१७ वर टक्, टक्, टक्. ५० वर चेन चढवली, मागे २५ वर नेली, पाय तसेच ठेवले. आवाज गेला. पुन्हा ३४-१७. आला. सहा वेळा अदलाबदल केली. पायाला फरक कळत नव्हता, सायकलीला कळत होता. पायाचा जोर दोन्हीकडे तोच होता, म्हणून पॅडल, क्लीट, सीट, हँडल हे सगळे त्या सकाळी कायमचे निर्दोष सुटले. बीबीवर चेनचीही ओढ येते, पण ती नवीन होती. राहिलं ते चेनचं दुसरं टोक.

मैत्रिणीला बोलावलं. सायकल भिंतीला टेकवली, मी मागचा ब्रेक घट्ट दाबला, उजवं पॅडल पुढे आडवं ठेवलं आणि त्यावर पाय देऊन वजन टाकलं. ब्रेकमुळे चाक फिरत नाही, पण चेन ताठ होते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला टक् आला. ती रबरी नळीचा हातभर तुकडा घेऊन बसली होती, एक टोक कानाला, दुसरं सायकलीला. रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. तत्त्व तेच आहे, कानाला एकाच जागेचं ऐकू द्यायचं. बीबीपाशी नळी नेली, ती म्हणाली, लांबून येतोय. मागच्या हबच्या डावीकडे, अजून लांब. उजवीकडे, डिरेलरच्या वर, जिथे तो फ्रेमला टांगलेला असतो तिथे नळी नेली, मी पाय दाबला आणि ती एकदम मागे सरकली. ‘इथे! अगं, इथे कानात वाजलं.’ मग तिने तिथे नुसतं बोट ठेवलं. ‘बोटालाही कळतंय. हलतंय.’

तिथे असतो डिरेलरचा हँगर. बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, फ्रेमच्या मागच्या टोकाला दोन इवल्याशा बोल्टनी बसवलेला. सायकल उजवीकडे पडली तर फ्रेम वाचावी आणि हा वाकावा, म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. क्विक रिलीज (चाक पटकन काढता यावं म्हणून असलेली खीळ) आवळली की चाकाचा दांडा, फ्रेम आणि हँगर एकत्र दाबले जातात, म्हणून चाक काढून बसवलं की तो दरवेळी किंचित वेगळा बसतो. माझ्या दोन शांतता तिथूनच आल्या होत्या.

बोल्ट काढले. हँगर सहज निघाला नाही, हलवून काढावा लागला. मागच्या बाजूला, जिथे तो फ्रेमला चिकटतो, तिथे काळसर लेप होता. बोटाला लावून चोळला. ग्रीससारखा दिसत होता, पण गुळगुळीत नव्हता, बारीक कण लागत होते. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम महिनोन्महिने घासून त्याचाच काळा चुरा झाला होता, त्यात रस्त्याची धूळ आणि पाणी. फ्रेमच्या खोबणीत त्याच आकाराची सावली उमटली होती, आणि तिच्या एका कडेला, नखाएवढ्या जागेत, धातू आरशासारखा चकचकीत झाला होता. तेवढी जागा बोलत होती. इतक्या दिवसांचा त्रास, तेवढीशी जागा.

फडक्याने दोन्ही बाजू पुसल्या, ग्रीसचा अगदी पातळ थर दिला, बोल्ट हलक्या हाताने आवळले, कारण ते लहान असतात आणि आटे पटकन जातात. चाक बसवलं. एकूण वीस मिनिटं.

यावेळी मी लगेच आनंद मानला नाही. तीन राईड झाल्या, दहा झाल्या, पाऊस लागला, वाळला. वहीत दर वेळी एकच शब्द: ‘नाही’. वीसाव्या ‘नाही’नंतर लिहिणं थांबवलं. आता चढावर पुन्हा श्वास ऐकू येतो. काढलेली बीबी कपाटात आहे. परवा हातात घेऊन बोटाने फिरवली, जराही खरखर नाही, आत्ता आणल्यासारखी फिरते.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सायकलीला काहीतरी टिक्‌टिक् यायला लागलीय, पायाखालीच आहे, बीबी गेली असेल, नवीन आणू का?

मी म्हटलं, कशाला हात लावू नकोस, उद्या निघू.

ती पुढे, मी तिच्या उजवीकडे अर्धं चाक मागे. सपाट रस्ता, ३४-१७. मी तिच्या गुडघ्याकडे बघत मोजायला लागले. टिक्, टिक्. एका फेरीत दोन. पुन्हा मोजलं. दोनच.

‘अगं, पायाचा नाहीये. चाकाचा आहे,’ मी ओरडून सांगितलं. ‘आता पाय थांबव बरं.’

तिने पाय थांबवले. दोघी ऐकू लागलो.